कुलपाच्या आतली पाटी

मी भांडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक डोळे मिचकावतात आणि म्हणतात, "जिना चढतानाच ठरवलं असशील तू." काही ठरवलं नव्हतं. जिना चढताना मी फक्त एकेक वाक्य परजत होते, आणि तिसरा मजला येईपर्यंत सगळ्या वाक्यांना चांगली धार आली होती.

दार सताड उघडं. लांबट खोली, खिडकीशी दोन टेबलं. एक रिकामं, दुसऱ्याशी एक माणूस पाठमोरा बसलेला. मी त्याच्या पाठीलाच सुरुवात केली.

"चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट तुम्हीच केलीत ना? मग ऐका! आमच्या दुकानाचं नाव सर्चमध्ये टाकलं की पहिल्यांदा काय येतं, बघितलंय कधी? पत्ता नाही, फोन नाही, दुकानाची वेळ नाही. फीड येतं, फीड! जे चार लोकांसाठी होतं ते अख्ख्या गावाला वाचायला मिळतंय. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे चव्हाट्यावर मांडायला? जनाची नाही तर मनाची तरी—"

तो वळला.

माझी उरलेली वाक्यं होती तिथेच राहिली. कारण खुर्चीत काडीमोडे बसला होता.

काडीमोडे हे आत्याने ठेवलेलं नाव. चष्म्याचं दुकान आत्याचं. मी तिथे डोळे तपासते, नंबर काढते, काचा बसवते. आणि हा माणूस अधूनमधून चष्म्याची काडी मोडून घेऊन येतो. प्रत्येक वेळी डावीच. अपराध्यासारखा काउंटरशी उभा राहतो, मी काडी बसवेपर्यंत इकडेतिकडे बघतो, "थँक यू" म्हणतो आणि जातो. आमची ओळख एवढीच. पण त्या ओळखीतसुद्धा त्याने एक अक्षम्य गुन्हा केला होता, आणि आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, तो पुन्हा तेच करत होता. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.

"शर्टाने नाही!" मी ओरडले. वेबसाइटचं भांडण बाजूलाच राहिलं. "किती वेळा सांगायचं? काचेवर चरे पडतात!"

"सॉरी." त्याने शर्ट सोडला. चष्मा मात्र हातातच. उघड्या डोळ्यांनी तो माझ्या दिशेने बघत राहिला... आणि माझ्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. कारण नेमकं याच बघण्याबद्दल मी फीडमध्ये लिहिलं होतं.

आता ते काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

दुकानाच्या वेबसाइटवर मी दर आठवड्याला काहीतरी लिहिते. डोळ्यांची निगा, काचा कशा निवडायच्या, पोरांचा नंबर का वाढतो, असलं. ज्यांना ते आपोआप मिळायला हवं असतं ते आमचं फीड लावून घेतात. मी लिहिलं की मजकूर त्यांच्याकडे थेट जाऊन पडतो. असे वाचक मूठभर. त्या मूठभरांसाठी मी शेवटी चार ओळी जास्तीच्या घालते, ज्या वेबसाइटवर दिसत नाहीत. मी त्याला शेपूट म्हणते. दिवसभर काउंटरवर गोड बोलून जे पोटात साठतं ते मी शेपटात ओकते. नाव कुणाचं घालत नाही. आणि खरं सांगते, निगेबिगेचं मी पोटासाठी लिहिते. जिवासाठी लिहिते ते शेपूट.

तर गावातल्या निवृत्त हेडमास्तरांच्या सूनबाईंनी दुकान किती वाजता बंद होतं ते बघायला सर्च केलं, आणि त्यांच्या हाती शेपूट लागलं.

"आज एक गृहस्थ अक्षरांचा तक्ता पाठ करून आले होते," मी लिहिलं होतं. "खालची ओळ मी बोट ठेवायच्या आधीच म्हणून मोकळे झाले. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता स्वतः करतात."

नाव नव्हतं हो! पण या गावात जन्मभर कॉप्या पकडलेला माणूस एकच. सूनबाई हसल्या, त्यांनी शेजारणीला दाखवलं, शेजारणीने आणखी कुणाला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर दुकानात आले, छडी नसलेल्या हाताने काउंटरवर थाप मारली आणि म्हणाले, "मी तुझ्यापाशी डोळे दाखवायला आलो होतो, पोरी. तू मला दाखवलंस." चष्मा न घेताच गेले. त्यांच्यामागून दोन-तीन गिऱ्हाइकं नुसती दारातून डोकावून परत गेली.

आत्या चिडली की आवाज खाली आणते. "गिऱ्हाईक विश्वासाने समोर बसतं," ती हळू म्हणाली. "शनिवारपर्यंत ते सर्चमधून गेलं पाहिजे. नाही गेलं तर वेबसाइट बंद, आणि तुझं ते शेपूटही कायमचं बंद."

तिचं बरोबर होतं. म्हणून तर मला इतका संताप आला होता. आणि संताप काढायला हक्काचा माणूस म्हणजे वेबवाला, ज्याच्याशी सगळं बोलणं आत्यानेच फोनवर केलेलं. तो काडीमोडे निघेल हे मला कुणी सांगितलं होतं?

"काढा ते," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि एक अट आहे. न वाचता काढायचं."

"न वाचता?"

"एक अक्षर नाही."

"दुरुस्त करायचं म्हणजे बघावं तर लागेल..."

"डोळे मिटून करा."

त्याने जरा विचार केला. मग चष्मा टेबलावर ठेवला. "हा काढला की मला काही वाचता येत नाही. माझा नंबर तुम्हाला माहीत आहे. चालेल?"

तो हसत होता की नाही ते कळेना, म्हणून मी जास्तच चिडले. "चेष्टा करताय?"

"छे. तुम्हाला दिलासा देतोय."

मग त्याने समजावून सांगितलं, आणि त्याला समजावता येतं हेही मला त्या क्षणी खटकलं. सर्च इंजिनचं एक यंत्र असतं म्हणे, ते दारोदार फिरतं. प्रत्येक वेबसाइटच्या घरात शिरतं, दिसेल ते वाचतं आणि आपल्या यादीत टाकतं. पुढची खोली कुठली, माजघर कुठलं, त्याला कळत नाही. आमचं फीड उघडं होतं, त्याने वाचलं, यादीत टाकलं.

"मग त्याला सांगा ना, की हे आमचं घरातलं आहे!"

"तसंच सांगायचं असतं. फीडवर एक पाटी लावायची: 'हे यादीत घेऊ नका.' यंत्र पुढच्या वेळी येतं, पाटी वाचतं आणि यादीतून काढून टाकतं. वाचकांना फीड मिळत राहतं, सर्चला दिसत नाही."

"इतकं सोपं आहे तर आधी का नाही लावलीत?"

त्याने मान खाली घातली. "चुकलं. आज लावतो. एक-दोन दिवसांत जाईल."

माझ्याकडे भांडणाची केवढी तरी सामग्री शिल्लक होती, आणि हा माणूस सरळ "चुकलं" म्हणून मोकळा! भांडणाऱ्याची इतकी गैरसोय मी कधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर आत्याला विचारलं, "काडीमोडेच आपला वेबवाला आहे हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" आत्या म्हणाली. "त्याच्या काडीबद्दल बरीच विचारत होतीस."

एक दिवस गेला, दोन गेले. फीड गेलं नाही. उलट जास्तच चमत्कारिक झालं. आधी निदान चार ओळी दिसायच्या, आता नुसतं दुकानाचं नाव आणि खाली, "या पानाची माहिती देता येत नाही." आता सांगा, झाकलेलं दिसलं की माणूस काय करतो? उचकटून बघतो. ज्यांनी आधी दुर्लक्ष केलं असतं तेसुद्धा त्यावर बोट ठेवायला लागले, आणि बोट ठेवलं की अख्खं फीड धडाधड उघडायचं. सगळी शेपटं, ओळीने.

आणि त्यातल्या एका शेपटात हे होतं:

"शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणाऱ्या माणसाला माफी नाही. पण एक जण आहे, तो पुसायला चष्मा काढतो तेव्हा त्याच्या डोळ्यांना समोरचं काही दिसत नसतं, तरी ते इतक्या विश्वासाने बघतात, की पुसून होईपर्यंतची माफी मी त्याला मनातल्या मनात देऊन टाकते. डावी काडी परत मोडू दे."

हे लिहिताना ते मूठभर लोकांनी वाचावं असं वाटलं होतं. गावाने वाचावं असं नाही. त्याने तर मुळीच नाही.

शुक्रवारी सकाळी तो दुकानात आला. मी त्याला रस्ता ओलांडतानाच पाहिलं आणि काचा घासायच्या यंत्रामागे जाऊन उभी राहिले. आत्याला खूण केली: मी नाही म्हणून सांग.

आत्याला दुनियेतलं सगळं जमतं, खोटं बोलणं जमत नाही. "ती म्हणतेय ती नाहीये," तिने त्याला सांगितलं.

यंत्रामागे मी दातओठ खात उभी.

"बरं," तो म्हणाला. "त्यांना सांगा, की... नाही, राहू दे. मी नंतर येतो."

"काडी?" आत्याने विचारलं.

"काडी ठीक आहे आज."

काडी ठीक असताना माणूस चष्म्याच्या दुकानात येतोच कशाला? दुपारभर मी हा प्रश्न यंत्रावर घासत बसले. एक काच चुकली, दुसरी काच चुकली. शेवटी आत्याने माझ्या हातातलं काम काढून घेतलं. "जा बाई, जाऊन भांडून ये एकदा. माझ्या काचा वाचतील."

मी गेले. या वेळी वाक्यं परजली नव्हती, पण राग पुरेसा होता.

"पाटी लावतो म्हणालात! कुठे आहे पाटी? उद्या शनिवार आहे. उद्या माझं लिहिणं बंद होणार आहे, तुम्हाला काही आहे का त्याचं? तुम्हाला ते एक काम वाटत असेल. मला दुसरं काही लिहिता येत नाही, ना कुणी वाचतं!"

तो पटकन काँप्युटरकडे वळला. फीड उघडलं. "पाटी आहे," तो म्हणाला. "हे बघा, लावलीय." मग त्याने आणखी काहीतरी उघडलं, आणि हात कपाळावर मारून घेतला.

"काय झालं?"

"कुलूप."

"कसलं कुलूप?"

"मी... पाटी लावली, आणि वर बाहेरच्या फाटकाला कुलूपही घातलं. यंत्राला आत यायचीच मनाई करून टाकली." त्याचा चेहरा पडला होता. "पाटी आत आहे. यंत्र येतं, कुलूप बघतं, परत जातं. पाटी वाचतच नाही. त्यामुळे त्याला कळतच नाही, की यादीतून काढायचंय. म्हणून ते तसंच राहिलंय."

मी बघतच राहिले. "म्हणजे, आमच्याकडे येऊ नका हे सांगायला त्याला आत घ्यायला हवं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही, हेच काम करून पोट भरणारा माणूस, दार बंद करून आत पाटी लावलीत?"

"नवशिकेसुद्धा करत नाहीत ही चूक," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मग तुम्ही का केलीत?"

त्याने बोटं कीबोर्डवरून काढून घेतली. खिडकीवर बारीक पाऊस यायला लागला होता. मी वाट बघत उभी राहिले. मला वाट बघता येत नाही, पण तेव्हा राहिले.

"घाबरलो," तो म्हणाला. "सगळं गाव ते वाचेल असं वाटलं. पाटीवर भरवसा राहिला नाही. जे हाताला लागलं ते लावत सुटलो."

"ते म्हणजे कुठलं?"

"हेडमास्तरांचं नाही..."

"कुठलं?"

"...शर्टाच्या टोकाचं."

खोलीत एकदम फार उजेड झाल्यासारखा वाटला. "मी सांगितलं होतं, न वाचता!"

"मी आधीच वाचलं होतं. तुम्ही म्हणायच्या कितीतरी आधी." त्याने आता सरळ माझ्याकडे बघितलं, चष्म्यातून. "वेबसाइट झाली त्याच दिवशी मी तुमचं फीड लावून घेतलं. काम तपासायला म्हणून. पहिलं शेपूट वाचलं आणि मग... तपासणं संपलं, वाचणं राहिलं. त्या मूठभरांतला एक मी आहे."

"म्हणजे... डावी काडी..."

"पहिल्या दोन वेळा खरंच मोडली होती. शप्पथ. तुम्ही 'परत मोडू दे' असं लिहिलंत, त्याच्यानंतरची—" तो घुटमळला. "ती मी मोडली."

मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. गाल लाल, पापण्या खाली, वगैरे. पण मी चष्मे बसवणारी बाई आहे.

"मुद्दाम?" माझा आवाज चढला. "चांगली काडी? मी हाताने बसवलेली, स्क्रू न् स्क्रू पारखून बसवलेली काडी तुम्ही मुद्दाम मोडलीत? तुमच्याकडे तोंड नव्हतं? दोन शब्द बोलता येत नव्हते?"

"तुमच्यासमोर नव्हते येत."

"मग कुलूपच बरं तुम्हाला!" मी म्हणाले, आणि पावसात छत्री न उघडता निघाले. छत्री हातातच होती. हे मला दुकानाच्या दारात कळलं.

शनिवारी दुपारी आत्याने स्वतः सर्च करून बघितलं. मोबाइल लांब धरून, मान मागे घेऊन, दोन-दोनदा. दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, फोन. बस्स. फीड नाही. कुलूप निघालं होतं, यंत्र आत येऊन पाटी वाचून गेलं होतं.

"लिही मग," आत्या म्हणाली. "पण माणूस विचारल्याशिवाय लिहायचा नाही."

"विचारल्याशिवाय नाही लिहिणार."

तेवढ्यात हेडमास्तर आले. खुर्चीत बसले आणि समोर बघत म्हणाले, "तो तक्ता बदल. मला पाठ आहे." मी बदलला. नव्या तक्त्यातलं मधल्या ओळीच्या खालचं त्यांना काहीही दिसलं नाही. घरचे स्कूटर चालवणं बंद करायला लावतील म्हणून घाबरले होते म्हातारबुवा. मी त्यांना योग्य नंबर काढून दिला, आणि माफी मागितली. ते म्हणाले, "वाक्यरचना चांगली होती." त्यांच्या तोंडून ही म्हणजे शाबासकी.

सगळं सुरळीत झालं होतं. मग मला इतका राग का येत होता? लिहिणं वाचलं होतं, दुकान वाचलं होतं. मी फडका घेऊन पुसलेलीच काच परत पुसत होते, आणि मनात एकच: सगळं वाचूनही त्याने एवढे दिवस तोंड उघडलं नाही. आणि त्याच्या पाठोपाठ, न बोलावता, दुसरं: आणि तू? तू तरी कुठे उघडलंस? मूठभर लोकांना सांगितलंस, त्याला सोडून. तो आला तर यंत्रामागे लपलीस. आत पाटी, बाहेर कुलूप.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास तो रस्त्यापलीकडे दिसला. मी काय केलं असेल? दारावरची पाटी उलटी करून 'बंद' लावलं. हो, तेवढं समजूनसुद्धा! डोक्यातलं हातापर्यंत पोचायला वेळ लागतो माझ्या.

"अगं, अजून तासभर आहे बंद व्हायला," आत्या म्हणाली.

तो आला. 'बंद' वाचलं. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. काचेपलीकडे नुसता उभा राहिला. भुरभुर चालू होती. त्याच्या चष्म्यावर थेंब जमत गेले, एकाला एक चिकटून ओघळायला लागले. मी आत, तो बाहेर. दोघंही हटायला तयार नाहीत.

मग त्याने चष्मा काढला. आणि शर्टाचं टोक हातात घेतलं.

"नाही!" मी दार ढकलून बाहेर. "शर्टाने नाही म्हणून सांगितलं ना! ओल्या काचेवर तर मुळीच नाही! द्या इकडे!"

त्याच्या हातातून चष्मा ओढून घेतला आणि फडक्याने पुसायला लागले. तो तसाच उभा, उघड्या डोळ्यांनी, मी जिथे असेन असं त्याला वाटत होतं तिथे बघत. तसाच, त्याच विश्वासाने.

"ऐका आता," मी म्हणाले. "चष्मा माझ्या हातात आहे तोवरच बोलणार आहे. तुम्हाला माझा चेहरा दिसता कामा नये."

"नाही दिसत. नुसता एक रागावलेला ठिपका दिसतोय."

"मधे बोलू नका! ते शर्टाच्या टोकाचं... ते खरं आहे. सगळं. मला तुम्ही आवडता. काडी मोडलेली नसली तरी. झालं. संपलं."

तो हसला नाही. हात पुढे करून अंदाजाने माझं मनगट शोधलं. आधी फडका हाताला लागला, मग मनगट.

"यंत्र आलं, पाटी वाचली आणि गेलं," तो म्हणाला. "मी कधीचा वाचून थांबलोय. मला घालवायची पाटी तुझ्याकडे असेल तर आत्ताच दाखव."

'तू' म्हणाला. मी त्याबद्दल भांडायला हवं होतं. मी चष्मा त्याच्या नाकावर बसवला, डाव्या कानामागे काडी नीट सारली. काडीला खोट नव्हती. बोट मात्र तिथून निघेना.

"दुकान उघडं आहे की बंद, ते एकदा ठरवा," आतून आत्या ओरडली. "पाऊस आत येतोय!"

"पुन्हा काडी मोडलीस तर याद राख," मी त्याला म्हणाले.

"मोडली तर येऊ नको?"

"न मोडता ये," मी म्हणाले, आणि हात मागे नेऊन दारावरची पाटी उलटी केली.